दांड्याच्या होडीवर रचलेला गजर

आता तोंड उघडतोच आहे, तर आधी ते दार लोटून घ्या. सायली घरात नाही ना? गॅलरीत बघा जरा. नाही? बरं. मग सांगतो. माझ्या तोंडातून जी घाण बाहेर पडली ती सगळ्या महाराष्ट्राने टीव्हीवर पाहिली. पण त्यानंतर मी जे केलं ते घरात कोणालाच ठाऊक नाही. हसू आलं तर हसा. मला अजून धड हसता आलेलं नाही.

मला सगळे बुवा म्हणतात. वडील गिरणीत होते, मी जन्मभर एका छापखान्यात अक्षरं जुळवली, पण घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत कोकणातल्या कोणालाही विचारा, माझी ओळख एकच. डबलबारीवाला बुवा!

डबलबारी पाहिलीय ना? नाही? अरेरे! अहो, दोन भजन मंडळं समोरासमोर बसतात. दोन बुवा, दोन पेट्या, दोन पखवाज. सुरुवात देवाच्या नावाने करायची आणि अर्ध्या तासात समोरच्या बुवाची अब्रू काढायला घ्यायची. त्याच्या आवाजावर, टकलावर, सुटलेल्या पोटावर, सासरवाडीवर गजर रचायचा. मग त्याने त्याहून वरचढ उत्तर द्यायचं. लोक शिट्ट्या मारतात. संपलं की दोघे बुवा एका ताटलीतली भजी खातात. राग धरायचा नाही, हा नियम. भांडुपला एकदा मी एका बुवाच्या नव्या कवळीवर गजर रचला, तर पठ्ठ्याने उत्तर देताना कवळी काढून माझ्या पेटीवर ठेवली आणि तसाच गायला! असली ही माणसं. मी चाळीस वर्षं याच माणसांत वाढलो. मला वाटायचं, सगळं जग असंच असतं.

आता सायली. माझ्या धाकट्या भावाची मुलगी. ती नऊ वर्षांची असताना भाऊ गेला, साध्या तापाने. तेव्हापासून ती आणि तिची आई, म्हणजे वहिनी, आमच्याकडेच, नाहूरला. गाणं तिला मी शिकवलं. म्हणजे पेटीवर बसवलं आणि ओरडलो, तिचं ती शिकली. सकाळी घाटकोपरच्या एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढायची आणि संध्याकाळी आमच्या मंडळात गायची.

त्यात एका वाहिनीने ‘कंठमणी’ नावाची गाण्याची स्पर्धा काढली. पहिलंच पर्व. कोणालाच काही माहीत नव्हतं, ना गाणाऱ्यांना, ना घेणाऱ्यांना. सायली गंमत म्हणून गेली आणि बघता बघता शेवटच्या सहांत पोचली! नाव पडद्यावर यायचं ना, तेव्हा ती हट्टाने बापाचं नाव मध्ये घालायला लावायची. सायली, मग माझ्या भावाचं नाव, मग आडनाव. ते तीन शब्द आले की वहिनी पदर डोळ्याला लावायची आणि मी उगाच पाणी प्यायला उठायचो.

एकदा मला म्हणाली, “काका, फायनलला बाबाचं नाव एकदा मोठ्याने घेतील ना रे? मग मी हरले तरी चालेल.”

“हरतेस कशाला? मी आहे ना!”

हे मी म्हणालो. लक्षात ठेवा.

एके सकाळी मला फोन. वाहिनीतली रिया नावाची मुलगी, कार्यक्रमात काय काय घडवायचं हे ठरवणारी.

“बुवाजी, गुरू स्पेशल एपिसोड आहे. प्रत्येकाचे गुरू येणार. तुम्हाला दोन मिनिटं. पण काहीतरी हटके पाहिजे यार!”

“डबलबारी चालेल?”

“ते काय असतं?”

“समोरच्या पार्टीला गाण्यातून टोमणे मारायचे. मग ती उत्तर देते.”

“अरे झकास! फुल टशन! सायलीच्या समोर दर्शना आहे, खारदांड्याची.”

“आणि तिचे गुरू?”

“तिचे गुरू नाही येणार. तीच उभी राहील.”

“जरा घरचं वगैरे काढलं तर चालेल ना?”

“बुवाजी, जितकं पर्सनल तितकं बेस्ट!”

आता मला सांगा, परवानगी आणखी कशी असते? त्या पोरीला डबलबारी म्हणजे काय ते कळलं नव्हतं, आणि तिला कळलं नाही हे मला कळलं नव्हतं. तिचे गुरू का नाही येणार, एवढा एक प्रश्न मी विचारला असता तर आज तुमच्यासमोर ताठ बसलो असतो. पण नाही. माझ्या डोक्यात गजराची चाल सुरू झाली होती.

डबलबारीत आधी समोरच्याची माहिती काढावी लागते. हे काम आमच्या तात्याचं. तात्या आमचा पखवाजवाला, सत्तरीचा गडी. तो मासे आणायचं निमित्त करून खारदांड्याला गेला आणि दुपारी पापलेट घेऊन थेट माझ्या दारात.

“बुवा, गावला!” तात्या धापा टाकत म्हणाला. “त्या पोरीच्या बापाशीची होडी किनाऱ्यार सुकत पडली हा. रंग पुरो उडालो हा. दोन वर्सा पाण्यात गेली नाय म्हणतत.”

“का?”

“एक माणूस जाळा शिवी होतो, तेका इचारलंय. तर काय बोलाक तयार नाय! तोंड फिरवल्यान. मी म्हणतंय, बापूस आळशी असतलो. पोरगी गाता आणि ह्यो घरात बसान खाता.”

“तोंड फिरवलं म्हणजे नक्की लाजेची गोष्ट असणार!” मी मांडी थोपटली.

दोन म्हातारे. एका पापलेटावर आम्ही एका माणसाचा निकाल लावून टाकला. त्याच बैठकीत गजर तयार झाला.

होडी सुकली वाळूत गं, वल्ही गेली चुलीत गं,
बापूस तुझा दर्या सोडून लपला कुठल्या बिळात गं!

सायलीला ऐकवला नाही. म्हटलं, पोरीला सरप्राइज देऊ.

शूटिंग गोरेगावला. स्टुडिओत एसी इतका की तात्याने पखवाज काढण्याआधी कानटोपी चढवली. सहाही मुलं ओळीने उभी. सायलीने माझ्या पाया पडून ओळख करून दिली. दर्शना समोर, बारीकशी, अबोलीचा गजरा माळलेली. माझ्याकडे बघून छान हसली. मी मनात म्हटलं, हस, हस, आता उत्तर द्यायला तयार राहा.

आणि सुरू केलं. आवाज असा लागला होता म्हणून सांगू! तात्याचा हातही तसाच पडत होता. पहिली ओळ झाली, लोक डोलले. दुसरी ओळ झाली आणि सगळा स्टुडिओ गप्प.

आता डबलबारीत शांतता कधी होते? वार वर्मी बसला की! समोरची पार्टी उत्तर शोधत असते तेव्हा. मला तर चेवच आला. मी ती ओळ पुन्हा घेतली, वरच्या पट्टीत. परीक्षकांपैकी एका बाईंनी तोंडावर हात ठेवला. म्हटलं, बघा, हसू दाबतायत! तिसऱ्यांदा घेतली आणि हात वर करून पब्लिककडे टाळी मागितली.

टाळी आली नाही. सायलीकडे बघितलं तर ती पांढरीफटक. मान हलवत होती, नको नको म्हणून. मला वाटलं, पोर घाबरली.

मी माइकवरून ओरडलो, “उत्तर दे, पोरी! लाजू नकोस! बाप कुठाय ते सांग सगळ्यांना!”

होय. हे मी म्हणालो. या तोंडाने.

दर्शना पुढे आली. माइक दोन्ही हातांनी धरलेला. म्हणाली, “बुवा, माजा बापूस दर्यान गेला, तो परत आयला नाय. होडी तेवढी आयली.”

मग ती गायली. पेटी नाही, ठेका नाही. होडी काठाला लावताना तिचा बाप जे गायचा ते. ‘दिवा ठेव गो दारान, मी आयलो काठाला.’ एवढीच ओळ, पुन्हा पुन्हा. तिला गाणं शिकवलं होतं तेही त्यानेच. म्हणून तिचे गुरू येणार नव्हते. पहिल्या दिवसापासून तिने वाहिनीला बजावलं होतं की बापाचा विषय मी काढणार नाही, आणि ते गाणं तिने या स्पर्धेत कधीच म्हटलं नव्हतं. त्या दिवशी तिला म्हणावं लागलं, कारण एक मूर्ख म्हातारा सगळ्यांसमोर उत्तर मागत होता.

सगळे रडत होते. कॅमेरावालासुद्धा. मी समोरची पेटी धरून बसून होतो, कारण उठायचं कसं ते सुचेना.

परत येताना आम्ही रिक्षात. जोगेश्वरी-विक्रोळी रस्ता तुम्हाला माहीत आहे, तिथे सिग्नलला माणूस म्हातारा होतो. पवई आली. सायली बाहेर बघतच म्हणाली, “काका, मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तिथे बाबा नसलेल्या आम्ही दोघीच होतो. तिने शपथ घातली होती, म्हणून घरी बोलले नाही.”

“मला ठाऊक असतं तर...”

“एकदा विचारायचंस. फक्त एकदा.”

तात्या पुढे ड्रायव्हरशेजारी पखवाज मांडीवर घेऊन अंग चोरून बसला होता. तो हळूच म्हणाला, “बुवा, पापलेट पण शिळाच होता.”

घरी येऊन रियाला फोन केला. म्हटलं, बाई, हात जोडतो, तेवढं कापून टाका.

“कापू? बुवाजी, हाच तर प्रोमो आहे!”

आणि तो प्रोमो लागला. आठवडाभर! सकाळी, दुपारी, बातम्यांच्या मध्ये. माझं उघडलेलं तोंड, टाळी मागणारा हात, आणि खाली मोठ्या अक्षरांत, ‘बाप कुठाय?’ सोसायटीतली माणसं मला बघून लिफ्टमधून बाहेर यायची. गुडघे दुखणाऱ्या पाटीलकाकू चार मजले चढून गेल्या, पण माझ्याबरोबर लिफ्टमध्ये उभ्या राहिल्या नाहीत.

हे सगळं सोसलं असतं. पण बाजारात गेलो, तर आमची नेहमीची कोळीण मावशी, तीस वर्षांची ओळख, तिने पाटीवर फडकं टाकलं.

“तुमाला म्हावरा नाय.”

“मावशी, बांगडे दिसतायत की!”

“दिसतान. पण तुमाला नाय.”

पुढची, तिच्या पुढची, सगळ्यांनी तेच केलं. मालवणी माणसाला मासळी बंद! आमच्या घरात दोन आठवडे डाळ शिजली. बायको रोज डाळ वाढताना माझ्या तोंडाकडे बघायची, जेवणाकडे नाही.

थट्टा राहू द्या. मला रात्रंदिवस त्या मुलीचे माइक धरलेले दोन हात दिसत होते. आपण एका पोरीच्या जखमेवर टाळ्या मागितल्या, याची इतकी लाज वाटत होती की देवासमोर उभं राहवेना. काहीतरी प्रायश्चित्त घ्यायला हवं, एवढंच डोक्यात होतं. आणि मला सुचलं. मला सुचतं, हीच तर अडचण आहे!

एपिसोड लागला की प्रेक्षकांची मतं सुरू व्हायची, फोनवरच्या ॲपमधून. मी तात्याला गुपचूप बोलावलं.

“तात्या, या खेपेला मंडळाची सगळी मतं दर्शनाला.”

“आणि आपल्या सायलीक?”

“सायलीला कमी आहे का? नाहूर आहे, लॅब आहे, अख्खं गाव आहे. तिची मतं कुठे जातायत! आपली चाळीस-पन्नास त्या पोरीला देऊ. तेवढंच माझ्या जिवाला बरं वाटेल. पण सायलीला कळता कामा नये.”

तात्याला आपल्या पापलेटाचं पाप फेडायचं होतं. तो इरेला पेटला. त्याने मंडळातल्या प्रत्येकाला सांगितलं, प्रत्येकाने आपापल्या घरी, घरच्यांनी गावी. गावाहून निरोप गेला भांडुपला, भांडुपहून दिव्याला. “बुवांनी सांगितला हा, सायलीक सांगू नुको,” एवढंच पुरलं. चाळीस वर्षांत माझा शब्द कोणी मोडला नव्हता. अहो, सायलीच्या लॅबमधल्या शिपायाने माझ्या सांगण्यावरून दर्शनाला मत दिलं! तो तात्याचा भाचा निघाला.

पुढच्या रविवारी संध्याकाळी आम्ही सगळे टीव्हीसमोर. वहिनीने देवाजवळ साखर ठेवलेली. दर्शना पहिली आली, सर्वांत जास्त मतं. मला मनातून बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. मग शेवटच्या दोघांत सायली उभी. तिकडे पडद्यावर तिने हातांची बोटं एकमेकांत घट्ट गुंतवलेली, इकडे सोफ्यावर वहिनीने. निवेदक म्हणाला, “अगदी थोड्या मतांनी आपला निरोप घेतेय...” आणि ते तीन शब्द आले. सायली, माझ्या भावाचं नाव, आडनाव. मोठ्याने घेतलं त्यांनी माझ्या भावाचं नाव. बाहेर काढताना.

अगदी थोड्या मतांनी! तात्या माझ्याकडे बघत होता. मी पाणी प्यायला उठलो.

वहिनी म्हणाली, “भावजी, तुम्ही केलंत ते तर झालंच, पण आपल्या माणसांनी मतं दिली नाहीत का हो तिला?” मी सगळा तांब्या संपवला. दुसरा भरला.

सायली घरी आली ती हसतच आली. लॅबमध्ये परत जायला लागली. मला एक शब्द बोलली नाही आणि त्यामुळे मी आतून किडत चाललो. दोन आठवड्यांनी एका सकाळी चप्पल घालून माझ्यासमोर उभी राहिली. “काका, ऊठ. दर्शनाच्या आईची माफी मागायला जायचंय. मी येते बरोबर.”

बघा, पोर कशी आहे. मी तिचं नुकसान केलं ते एवढंच, स्टेजवरचं, असं तिला वाटत होतं. आणि तेवढं तिने माफही केलं होतं.

खारदांड्याला पोचलो. ती होडी तिथेच होती. रंग उडालेला खरा, पण पुढच्या टोकावर ताजा झेंडूचा हार होता. तात्याला तो दिसला नव्हता, की दिसूनही कळला नव्हता, देव जाणे. मी होडीला हात जोडले. सायलीने पाहिलं आणि पुढे चालू लागली.

दर्शनाची आई अंगणात बोंबील वाळत घालत होती. तिने हात धुतले, दोन खुर्च्या टाकल्या, चहा आणला. मी तिच्या पायाशी वाकायला लागलो तर मागे सरली.

“नको, बुवा. तुमाला ठाव नव्हता. ठाव असता तर बोलला नसता तुमी.”

“ताई, माझं चुकलं.”

“ते गेला.” ती सायलीकडे वळली. “तू सुटलीस, बाय. माजी पोर अडकली तिकडे. आता दर आठवड्याला टीव्हीवाले तिला बापाचंच गानं म्हनायला लावतान. मागे होडीचा फोटू, समोर दिवा. घरी येते तवा जेवत नाय. बोलते, आये, मला बाहेर येयाचा हाय.”

“मग सोडून का देत नाही?” सायलीने विचारलं.

“सही केली हाय, मदीच सोडता येत नाय. मतं कमी पडली तरच सुटका. आमी सगळ्या दांड्याला हात जोडून सांगितला, पोरीला मत देव नका. कोनी देत नाय. तरी दर आठवड्याला मतांचा ढीग पडतो!” आणि इतका वेळ शांत बसलेली ती बाई एकदम उसळली. “कोन मेला हाय तो मतं टाकनारा? माज्या पोरीच्या जिवावर उठलाय! हात झडोत मेल्याचे! त्याच्या जिभेला किडं पडोत!”

माझ्या खिशात फोन थरथरला. बुधवार होता. त्या पहिल्या खेपेनंतरही दर बुधवारी तात्या न चुकता सगळ्या मंडळाला दर्शनाला मत द्यायची आठवण करायचा. सायली बाहेर पडल्यावर मी त्याला थांबवायचंच विसरलो होतो. मी खिशावर हात दाबून धरला.

“खरंच गं मावशी,” सायली रागाने लाल झाली. “असा कोण असेल? काका, तुझी एवढी ओळख आहे सगळ्या मुंबईत. शोधून काढ ना त्याला!”

दोघी माझ्याकडे बघत राहिल्या. चाळीस वर्षं समोरून आलेल्या प्रत्येक शिवीला मी त्याच ठेक्यात उत्तर दिलंय. एकदाही अडलो नाही. चहाचा कप खाली ठेवला, घसा साफ केला.

“खरंच हो ताई,” मी म्हणालो, “कोण मेला असेल!”